‘होय’ म्हणणाऱ्याचं तोंड

जब्बारभाई, त्यांनी तुमचा उजवा हात माझ्या दुकानाच्या पायरीवर दाबून धरला आणि विटेनं ठेचला. डावा नाही, उजवाच. लिहिणारा हात कोणता ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यातल्या दोघांच्या बापांच्या दुकानांच्या पाट्या तुम्हीच रंगवल्या होत्या. त्याआधी शिडीला लाथ मारून तुम्हाला खाली पाडलं, बॅटच्या दांड्यानं पाठ सोलली, डोकं फोडलं, आणि तुमच्याच डब्यातला पांढरा ऑइल पेंट तुमच्या डोळ्यांत ओतला. सकाळचे दहा वाजले होते. समोरचे चहावाले नामाभाऊ, शेजारचा मोबाईलवाला, रस्त्यानं जाणारे, सगळे बघत होते. मीही बघत होते. झेरॉक्सच्या मशीनला कुणाचे तरी सातबारे लावले होते, ती आपली एकेक कागद बाहेर टाकत राहिली.

त्यातला एक माझ्या दारात येऊन उभा राहिला. निळं स्वेटर घातलेलं पोट्टं, माझ्याच दुकानातून दाखल्यांच्या झेरॉक्स नेणारं. मोठ्या अदबीनं म्हणालं, “बाई, तुमी बाजूले व्हा. तुमचं काई नाही यात.”

आणि मी बाजूला झाले. माझं यात काही नाही असं तो म्हणाला आणि मी ते मान्य केलं, जब्बारभाई. खरं तर सगळं माझंच होतं. तुमच्या हातावर वीट पडत होती तेव्हा मी एक पाऊल मागे सरकून दाराची कडी घट्ट धरून उभी होते.

तुम्हाला माती देऊन आज बारा दिवस झाले. येणारा-जाणारा मला सांगतो, पेंटर फार भला माणूस होता. मेल्यावर सगळेच भले होतात. तुम्ही भले होतात आणि तेवढेच किटकिटेही होतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. सात वर्षं त्या भिंतीखाली भांडलो आहोत आपण.

आठवतं ना, मी पंचायत समितीतून निवृत्त झाले आणि अमरावती-अकोला रस्त्यावरच्या आपल्या या तालुक्याच्या गावात झेरॉक्सचं दुकान टाकलं. तुम्ही शटर रंगवायला आलात. फ्लेक्स आल्यापासून पेंटरला कुत्रं विचारत नव्हतं, तरी एका शटरला तुम्ही चार दिवस लावलेत. त्याच आठवड्यात मी आमदारांच्या कार्यालयात गेले होते. एका विधेयकावर साहेबांनी काय मत दिलं, एवढंच विचारायला. तिथला स्वीय सहायक दात काढून हसला. “बाई, तुमाले काय करायचं हाये? घरी नातवंडं नाहीत काय?” मी एकटी बाई, नातवंडं कुठून आणू? टेबलावरचा पेपरवेट उचलून त्याच्या कपाळात घालावा असं झालं होतं मला. तुम्हाला सांगितलं तर ब्रश न थांबवता म्हणालात, “कपाळात कायले घालता? भिंतीवर घाला ना. रिकामीच पडली हाये.”

मग दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला काळा रंग दिला आणि चार रकाने पाडले. विधेयक काय आहे. साहेब जागेवर होते का. बोलले का. आणि चौथा, मत काय दिलं.

त्या चौथ्या रकान्यानंच घात केला. लोकांना वाटतं आमदार हात वर करतो, मोजणी होते, नाव लिहिलं जातं. तसं क्वचित होतं. बहुतेक विधेयकं नुसत्या आवाजावर जातात. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, एकच गलका होतो, विधेयक संमत. कोण होय म्हणालं, कोण गप्प बसलं आणि कोण बाहेर चहा पीत होतं, याची कुठे नोंद नाही. मी मोबाईलवर अधिवेशन बघत बसायची आणि तुम्ही चौथ्या रकान्यात लिहायचात, ‘आवाजी मतदान, कळले नाही’. वर्षानुवर्षं तेच. नामाभाऊ रोज डिवचायचे, “कुसुमबाई, तुमचा चौथा खाना तं उपाशीच राहते.” तुम्ही हसायचात. मला ते झोंबायचं, आतून झोंबायचं.

तुमचं म्हणणं एकच होतं, दिसलं तेवढंच लिहायचं. आणि चुकलं तर ती चूक लपवायची नाही. एकदा साहेब आठवडाभर दिसले नाहीत म्हणून आपण ठळक ‘गैरहजर’ लिहिलं, आणि मागून कळलं की ते डेंग्यूनं अंथरुणाला खिळले होते. मी म्हटलं, कोपऱ्यात बारीक लिहून टाका, कोण वाचतंय. तुम्ही असे भडकलात की शिडी हलली. “चूक एवढी मोठी लिहिली, अन् माफी बारकी? तसं नाही जमत, बाई.” जेवढ्या अक्षरात चूक, तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती, त्याच जागी, आणि चूक जितके दिवस भिंतीवर राहिली, तितके दिवस. साहेबांचा तोच स्वीय सहायक भिंतीसमोर उभा राहून फोटो काढून घेऊन गेला. मला वाटलं तुमच्या टाळक्यात ब्रश हाणावा. तुम्ही मात्र लांब जाऊन ‘डेंग्यू’चा ‘ग्यू’ नीट आलाय का ते पाहत होतात.

आणि त्याच साहेबांच्या निवडणुकीच्या भिंती तुम्ही रंगवल्यात, तेव्हा मी पंधरा दिवस तुमच्याशी बोलले नाही. “अक्षर तं अक्षर हाये. त्यायचंबी काढीन, तुमचंबी काढीन. तुमी कावून एवढ्या तापता?” हे भांडण आपलं मिटलं नाहीच. माझ्याजवळ त्याची चांगली उत्तरं तयार होती, आता ती कुणाला देऊ?

मग नागपूरचं हिवाळी अधिवेशन आलं. बाजार समितीच्या निवडणुकीत मत कुणी द्यायचं, हे बदलणारं विधेयक होतं. आपल्या गावाचा अर्धा संसार बाजार समितीवर चालतो. साहेबांनी सभा घेऊन सांगितलं होतं, मी याला उभं राहून विरोध करणार. त्या दुपारी मी मोबाईल डोळ्यांपाशी धरून बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, गलका झाला, आणि कॅमेरा क्षणभर मागच्या बाजूनं फिरला. साहेबांच्या बाकावर एक माणूस हात उंचावून होय, होय ओरडत होता. साहेबांसारखंच मातकट रंगाचं बिनबाह्यांचं जाकीट, तसंच मागचं टक्कल. मला पाठ दिसली, जाकीट दिसलं आणि मी खुर्ची सारून उठले. सात वर्षांनी चौथा रकाना भरायला मिळत होता.

मी धावत बाहेर आले. तुम्ही शिडीवर होतात. सांगितलं तसा तुम्ही ब्रश डब्यात बुडवलात, परत काठावर निथळत ठेवलात आणि विचारलंत, “तोंड दिसलं काय?”

“दिसलं ना. सायेबच होते.”

“नक्की?”

“मंग मी काय आंधळी हावो, जब्बारभाई?”

तुम्ही लिहिलंत. होय. पिवळ्या रंगात, खाली लाल सावली देऊन. नामाभाऊंचा चहा उतू गेला. लोक थांबून थांबून फोटो काढायला लागले आणि मी दुकानात बसून एखाद्या नवरीसारखी लाजत होते. थू माझ्या जिंदगानीवर.

साहेब त्या वेळी सभागृहात नव्हतेच. नागपूरहून गाडी काढून अमरावतीला आले होते आणि राजापेठेत एका कार्यकर्त्याच्या पोरीच्या लग्नात अक्षता टाकत होते. विधेयकाला उभं राहून विरोध करणारा माणूस पंगतीत बसून बुंदी खात होता. त्यांच्या बाकावर येऊन बसलेला तो दुसराच कुणीतरी.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या कार्यकर्त्यांच्या तीन मोटारसायकली आल्या. एकानं तुमच्या नाकापुढे मोबाईल धरला. “हे पाय बे पेंटर! सायेब कोठी हायेत? लग्नात हायेत! अन् तू होय लिहितं काय?” तुमच्या धर्मावरून ज्या शिव्या दिल्या त्या मी पोलिसांना सांगितल्यात, इथे लिहीत नाही. तुम्ही शिडीवरून वाकून फोटो पाहिलात. मग माझ्याकडे पाहिलंत. ‘बाईनं सांगितलं’, एवढे दोनच शब्द तुम्ही बोलला असतात तर ती पोरं माझ्याकडे वळली असती. एखादवेळी वळलीही नसती, म्हाताऱ्या बाईला शिवीगाळ करून निघून गेली असती. तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही म्हणालात, “चुकलं असन, भाऊ. थांबा, आत्ताच दुरुस्त करतो.” आणि खरंच ब्रश उचललात. तेव्हा त्यांनी शिडीला लाथ घातली.

साहेब कामावर नव्हते याचा पुरावा साहेबांची अब्रू वाचवायला ते घेऊन आले होते. तुम्हाला दोन मिनिटं दिली असती तर तुम्ही तोच पुरावा त्यांच्यादेखत, हातभर अक्षरात भिंतीवर लावला असता. हे आठवलं की मला हसू येतं आणि त्याच हसण्यात दात कराकरा वाजतात.

अकोल्याच्या दवाखान्यात नऊ दिवस होतात तुम्ही. बाळापूरची तुमची बहीण डबा घेऊन यायची आणि तो तसाच परत न्यायची. डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याला टाके, उजव्या हाताच्या जागी प्लास्टरचा गोळा. मी उशाशी बसून एकच घोकत होते, भिंतीवर लाल रंगानं त्यांची नावं लिहीन, पुढे ‘खुनी’ लिहीन. तुम्ही मेला नव्हतात अजून, तरी मी खुनी म्हणत होते. तुम्ही म्हणालात, “पयले दुरुस्ती लिहा, बाई. मार मागून.”

“त्यायनं तुमचा हात तोडला, अन् मी त्यायले माफी मागू?”

“त्यायले कोण माफी मागून राहिलं? चूक आपली हाये, मार त्यायचा हाये. दोन्ही एका वळीत लिहजा नका. लोक म्हणतीन, चुकले म्हणून मार खाल्ला. दोन वळी करजा. अलग अलग.”

 मग तुम्ही पट्टीखालून तोंड माझ्याकडे वळवलंत. “मले तुमचा राग हाये, बाई. लपवत नाही मी. एक सांगा फक्त. तोंड दिसलं होतं काय?”

मी म्हटलं, “पयले बरे व्हा. मंग बोलू.”

“अच्छा,” म्हणालात, आणि भिंतीकडे वळलात. दुसऱ्या दिवशी तुमची शुद्ध गेली ती गेलीच.

जब्बारभाई, मला त्यांना मारायचं आहे. हे मी साफ सांगते, तुम्हाला आवडणार नाही तरी. चटणी वाटायला बसते तेव्हा पाट्यावर मला बोटं दिसतात, आणि मी वरवंटा असा आपटते की शेजारीण भिंतीवर थाप मारते. त्या निळ्या स्वेटरला मी रोज मनात शिडीवरून ढकलते. साहेबांच्या त्या मातकट जाकिटाला रॉकेल ओतून पेटवते, आतल्या माणसासकट. चौघांना पोलिसांनी उचललं, निळ्या स्वेटरचं नाव माझ्या जबाबात आहे, तरी तो मोकळा फिरतो, कारण म्हणे त्यानं कुणाला हात लावला नाही. खरंच आहे ते. हात मीही लावला नव्हता, आणि मलाही कुणी उचललं नाही.

साहेब तुमच्या घरी भेटायला गेले नाहीत. पेपरात म्हणाले, घटनेचा निषेध, पण खोटं लिहिणाऱ्यांनीही विचार करावा. आता गाव तेच बोलतं. भाजी घेताना ऐकते, बँकेत ऐकते. मारायला नको होतं म्हणा, पण पेंटरनंही खोटं लिहिलंच ना. तुम्ही! जो माणूस ‘डेंग्यू’ आठवडाभर मिरवत ठेवतो, तो खोटा. आणि मी खरी, बिचारी, म्हातारी साक्षीदार.

मी भिंतीला हात लावला नाही. पंचनामा होऊन गेला तरी लावला नाही. वकील म्हणाले, दुरुस्ती बिलकूल लिहू नका, आरोपींच्या वकिलाच्या हाती आयतं कोलीत मिळेल. मला बरं वाटलं. भित्र्या माणसाला वकिलाचा सल्ला लागतोच.

परवा तुमच्या घरी गेले. शमीमभाभी इद्दतीत बसल्यात, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस बाहेर निघत नाहीत. पण गावाचं बोलणं आत पोचतंच. मी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, तर त्या म्हणाल्या, “बाई, लोक म्हणतात यायनं खोटं लिवलं. सात वर्सात यायनं एक काना जास्तीचा टाकला काय भिंतीवर? तुमीच सांगा.”

तेव्हा सांगितलं मी. जाकीट सांगितलं, पाठ सांगितली, तुम्ही दोनदा विचारलंत ते सांगितलं. वाटलं होतं भाभी झिंज्या धरतील. मला हवंच होतं ते, कुणीतरी मला मारायला हवं होतं.  त्या उठून आत गेल्या आणि तुमचा चपटा ब्रश व पांढऱ्या रंगाचा डबा माझ्यासमोर आदळला. झाकण उडून रंग माझ्या पायावर सांडला.

“जा, लिहा. आता.”

मी वकिलाचं म्हणणं सांगितलं.

“केस जिंकली अन् हे खोटे ठरले, तं त्या केसले काय चाटू मी? जा म्हणते ना!”

काल सकाळी दहाला शिडी लावली. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, कोंबडीनं पाय पुसल्यासारखं. तरी तुमचा नियम मोडला नाही. त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. पहिली ओळ: आमदार त्या दिवशी सभागृहात नव्हते. ‘होय’ हे चूक. मी पाठ पाहून सांगितले, तोंड पाहिले नव्हते. कुसुम. मग एक ओळ कोरी सोडली. तिच्याखाली: जब्बार पेंटर यांनी दोनदा विचारून लिहिले. त्यांना या भिंतीखाली मारले. ते मेले.

दोन ओळी, जब्बारभाई. अलग अलग.

खाली उतरून पाहते तर मोटारसायकल उभी. निळं स्वेटर. तो ओठ हलवत एकेक शब्द वाचत होता. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळला. “म्हंजे हे तुमी सांगतलं होतं? पेंटरनं नाही?”

“मी. तुले मले मारायचं होतं. चुकून त्याले मारलं.”

तो पांढराफटक पडला. मग ओरडला, “पुसा ते! बाई, बाजूले व्हा, मी पुसतो!”

हे त्याचे तेच शब्द होते. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. त्यानं मला ढकललं. माझी पाठ ओल्या रंगावर आपटली, डोकं विटांवर आपटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यानं पुन्हा ढकललं. मी ब्रश त्याच्या तोंडावर मारला, पांढरा पट्टा ओढला कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मला फार आनंद झाला, हेही तुम्हाला सांगते. त्यानं मूठ उगारली. तेवढ्यात नामाभाऊ आले. हातात काही नव्हतं, नुसता खांद्यावरचा पंचा. येऊन माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले, बस. मग मोबाईलवाला आला. त्या दिवशी हे दोघे आपल्या जागेवरून हलले नव्हते, मीही हलले नव्हते. पोट्ट्यानं आम्हा तिघांकडे पाहिलं, शिवी हासडली आणि रंगलेल्या तोंडानं गाडीला किक मारून गेला.

माझ्या पाठीनं पहिली ओळ पुसली गेली होती. जी अक्षरं भिंतीवर हवीत ती लुगड्यावर उमटली होती. नामाभाऊ म्हणाले, “चढा, बाई. शिडी मी धरतो.” डोक्यामागून रक्त येत होतं, तरी चढले. तीच ओळ पुन्हा लिहिली. या वेळी अक्षर जरा बरं आलं.

दवाखान्यात तुम्ही विचारलं होतंत आणि मी म्हटलं होतं, मग बोलू. तर आता बोलते. तोंड दिसलं नव्हतं, जब्बारभाई. नुसतं जाकीट दिसलं होतं.